सोडलेल्या जागा

शब्द येण्याआधी एक हुंकार येतो. ओठ मिटलेलेच असतात. छातीच्या तळाशी कुठेतरी तो उमटतो, घशापर्यंत येताना किंचित खरखरतो आणि आपलं पुढे काय व्हावं हे ठरवायला पळभर थांबतो. कधी त्याचा शब्द होतो, कधी हसू होतं, कधी तो तसाच विरून जातो आणि ओळ आपल्या वाटेने चालू लागते. मेव्हिस स्टेपल्स यांच्या ‘होप ॲट द हाइडआउट’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत हा हुंकार ठिकठिकाणी भेटतो, आणि मला वाटतं, या गाण्याच्या आस्वादाला आपण तिथूनच सुरुवात करावी. गाण्याचे शब्द कागदावर उतरवता येतात, सूर स्वरलिपीत बांधता येतात. हा हुंकार मात्र कुठल्याच वहीत मावत नाही. तो गाणाऱ्या माणसापाशीच असतो, आणि असा पिकलेला तर साठ वर्षं गायलेल्या माणसापाशीच.

तारीख २३ जून २००८, गाव शिकागो. ‘हाइडआउट’ म्हणजे तेव्हा कारखान्या-गोदामांच्या वस्तीत, महापालिकेच्या गाड्यांच्या आगाराशेजारी उभं असलेलं एक जुनं लाकडी घर. पुढे बार, मागे गाण्याची खोली. शे-दीडशे माणसं आत आली की कोपराला कोपर लागावं. मेव्हिसबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या, एकोणसत्तरावा वाढदिवस जेमतेम अडीच आठवड्यांवर आलेला. ‘स्टेपल सिंगर्स’ या त्यांच्या कुटुंबाच्या गायकवृंदाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९९९ सालीच मानाचं पान वाढलं होतं. लॉस एंजेलिसच्या प्रचंड क्रीडांगणात, १९७२च्या ‘वॉटस्टॅक्स’ महोत्सवात, नजर पोहोचणार नाही एवढ्या जनसमुदायापुढे त्या गायल्या होत्या. अशा गायिकेने आपल्याच गावातल्या एवढ्याशा खोलीत गावं आणि नेमकं तेच गाणं मुद्रित व्हावं, यात मला मोठी रसिकता दिसते. मैदानात स्वर दूरवर पोहोचवावा लागतो. इथे श्रोता हाताच्या अंतरावर आहे, आवाज फेकायची गरजच उरलेली नाही, आणि म्हणून आवाजाच्या आत काय काय साठलेलं आहे ते आपल्याला ऐकू येतं.

काय साठलेलं आहे? पहिल्यांदा जाणवतो तो खर्ज. पाश्चात्त्य संगीतात स्त्रीकंठाच्या सर्वांत खालच्या जातीला कॉन्ट्राल्टो म्हणतात, आणि हा आवाज त्या जातीचा, पण तिच्याही तळघरात वावरणारा. १९५६ साली स्टेपल सिंगर्सचं ‘अनक्लाउडी डे’ गाजलं, तेव्हा रेडिओवर तो खालचा सूर ऐकून हा पुरुषाचा आवाज आहे की एखाद्या थोराड बाईचा, यावर लोक पैजा लावत, आणि ती सतरा वर्षांची चणीने लहानखुरी मुलगी आहे हे कळल्यावर हरत. गंमत अशी की या मुलीला पुढे उभं राहून गायचंच नव्हतं. मुख्य गायक होता भाऊ पर्व्हिस. त्याचा आवाज फुटला आणि वडिलांनी धुरा हिच्याकडे दिली, तेव्हा हिचा हट्ट होता की मला माझी खालची साथच गाऊ द्या. हे ठाऊक असलं की २००८च्या गाण्यातली एक लकब उलगडते. ओळीच्या अखेरीस मेव्हिसबाई पुष्कळदा वर जायच्या ठिकाणी खाली उतरतात; मुख्य चाल क्षणभर सोडून तिच्या पायाशी जाऊन बसतात, साथीच्या सुरात, जिथे त्या लहानपणी सुखात होत्या. चाल कोणी सांभाळायची? मागचे गायक सांभाळतात, श्रोत्यांचं मन सांभाळतं. त्या फक्त जागा रिकामी करून देतात, आणि त्या रिकाम्या जागेमुळे चाल आपल्याला अधिकच स्पष्ट दिसू लागते.

वयाने या आवाजाला काय केलं, हेही निर्भयपणे ऐकावं. वरच्या स्वरांची कड आता गुळगुळीत राहिलेली नाही. तिथे पोहोचताना आवाज घासतो, कधी फाटतो, आणि बाई ते झाकायचा कसलाही प्रयत्न करत नाहीत. उलट त्या फाटण्याला त्यांनी अलंकाराची प्रतिष्ठा दिली आहे: कोणत्या शब्दावर आवाज भरभरीत होऊ द्यायचा आणि कोणता शब्द मऊसूत ठेवायचा, याची निवड इतकी अचूक की ऐकणाऱ्याला हे वार्धक्य आहे की कला आहे असा प्रश्नच पडू नये. या आवाजाच्या दीर्घायुष्याची एक सुंदर कथा त्या स्वतःच सांगत आल्या आहेत. महालिया जॅक्सन म्हणजे गॉस्पेलची, काळ्यांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताची, सम्राज्ञी, आणि लहानग्या मेव्हिसचं दैवत. एकदा त्यांच्याच कार्यक्रमात गाऊन झाल्यावर ही मुलगी दोरीवरच्या उड्या मारायला बाहेर धावत सुटली, तर महालियाबाईंनी तिला थांबवलं, मानेला हात लावून पाहिला, मान घामाने ओली लागली तेव्हा दटावलं की आधी कोरडे कपडे घाल, गाऊन झाल्यावर ओल्या अंगाने वाऱ्यात जायचं नाही, पुष्कळ वर्षं गायचं आहे ना तुला? स्वरसाधनेवरचे ग्रंथ एका बाजूला आणि मानेवरचा तो हात दुसऱ्या बाजूला. पुढे १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या महोत्सवात महालियाबाईंची प्रकृती बरी नव्हती, तेव्हा थॉमस डॉर्सीचं ‘प्रेशस लॉर्ड’ त्यांनी मेव्हिसला सुरू करायला सांगितलं, आणि मग एकाच मायक्रोफोनपाशी दोघींनी ते गाणं आकाशापर्यंत नेलं. २०२१च्या ‘समर ऑफ सोल’ या चित्रपटात तो प्रसंग आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तो पाहावा, माझी हरकत नाही.

आता साथीकडे वळू. गॉस्पेल म्हटलं की आपल्या कानांत ऑर्गन घुमू लागतो, पियानोचे भरगच्च स्वरसमूह येतात, पन्नास गळ्यांचा गायकवृंद झुलू लागतो. हाइडआउटमध्ये यातलं काही नाही. रिक होल्मस्ट्रॉम यांची गिटार, जेफ टर्म्स यांची बास, स्टीफन हॉजेस यांचे ड्रम्स; मागे गायला तिघं, त्यांत एक सख्खी बहीण इव्हॉन. एवढंच. पण हा मितव्यय या घराण्याच्या जन्मापासूनचा आहे. १९४८च्या सुमारास वडील रोबक स्टेपल्स, ज्यांना सारं जग ‘पॉप्स’ म्हणे, दिवसा कष्टाची कामं करून रात्री आपल्या मुलांना जमिनीवर गोल बसवत आणि गिटारवर एकेकाचा सूर छेडून दाखवत: हा तुझा, हा तुझा, हा तुझा. ही गिटार कुठून आली? मिसिसिपीतल्या डॉकरीच्या कापूसमळ्यातून. पॉप्सचं बालपण तिथे गेलं, आणि तिथेच चार्ली पॅटन हा ब्लूजचा आद्यपुरुष वाजवत असे. त्याचं ऐकून कोवळ्या रोबकची बोटं घडली. म्हणजे भक्तिगीतांच्या या कुटुंबाच्या साथीला पहिल्या दिवसापासून कापसाच्या शेतातली, दारूच्या गुत्त्यातली, कष्टाची आणि वासनेची गिटार होती. त्या गिटारला पॉप्सनी ट्रेमोलोची जोड दिली. ट्रेमोलो म्हणजे ॲम्प्लिफायरमधली अशी योजना, की स्वराची तीव्रता ठरावीक लयीत कमी-जास्त होत राहते आणि एकदाच छेडलेली तार कितीतरी वेळ थरथरत राहिल्याचा भास होतो. त्यामुळे वाजवणाऱ्याला फार वाजवावं लागत नाही. एक आघात, आणि मग त्या कंपाला त्याचं काम करू द्यायचं.

पॉप्स १९ डिसेंबर २००० रोजी गेले. होल्मस्ट्रॉम कॅलिफोर्नियातले, वेगळ्या घरातले, वेगळ्या वर्णाचे. पण गाणं सुरू करताना ते तो कंप छेडतात आणि कान असलेल्या श्रोत्याला खोलीत आणखी एक माणूस येऊन बसल्याचं कळतं. होल्मस्ट्रॉम नक्कल करत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांची बोटं पॉप्सपेक्षा अधिक काटेरी आहेत, मधूनच ते तारेला असा झटका देतात की म्हातारबुवांनी भुवई उंचावली असती. त्यांनी घेतला आहे तो पॉप्सचा संयम. बाई ओळ गातात तेव्हा गिटार जवळजवळ गप्प असते, ओळ संपली की दोन-तीन स्वरांत काहीतरी बोलून पुन्हा गप्प होते. हॉजेसही तसेच, गायक टॉम वेट्सच्या ध्वनिमुद्रणांत ज्यांनी वाजवलं आहे ते हे गृहस्थ, झांजांच्या झगमगाटापेक्षा खालच्या ढोलांची गुरगुर त्यांना प्रिय. या तिघांच्या वाजवण्यात जी मोकळी हवा आहे तिच्यातच मेव्हिसबाईंचा हुंकार ऐकू येतो. ऑर्गन असता तर तो बुडाला असता.

ती हवा सर्वांत जास्त उपयोगी पडते ‘डाउन इन मिसिसिपी’मध्ये. मूळ गाणं जे. बी. लेनॉर या ब्लूज गायकाचं. बाईंनी ते २००७ साली राय कूडर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘वुइल नेव्हर टर्न बॅक’ या संग्रहासाठी गायलं, आणि तो संग्रह उत्तमच आहे. तरी माझं मत विचाराल तर या गाण्याला स्टुडिओची भिंत मानवत नाही. इथे, समोर माणसं असताना, ते खरं उघडतं. खालच्या ढोलांवर एक संथ, चिखलातून पाऊल उचलावं तशी लय चालू राहते आणि बाई गाता गाता बोलू लागतात. आजीबरोबर मिसिसिपीतल्या खडीच्या रस्त्याने चालल्याची आठवण. तापलेल्या जमिनीने पोळणारे पाय, झाडाची सावली शोधणं. मग पाण्याचा नळ दिसतो. तहानलेली पोर तिकडे जाते, पिऊ लागते, आणि आजी तिला खसकन ओढते: ते पाणी आपलं नव्हे, गोऱ्यांचं आहे, आपलं तिकडे. तिकडच्या नळावर पाटी आहे, काळ्यांसाठी. एवढीच गोष्ट.

ही गोष्ट त्या कशी सांगतात ते आपण जरा निरखून पाहू. पहिली गोष्ट, लय एका क्षणासाठीही थांबत नाही, त्यामुळे आपलं अंग डोलत असतानाच ती पाटी आपल्या डोळ्यांपुढे येते आणि डोलणं थांबवावं की नाही हे आपल्याला कळेनासं होतं. दुसरी, आजीचं बोलणं त्या आजीच्या आवाजात करतात, आणि त्या आवाजात राग नाही, घाई आहे. नातीने पाणी प्यायलं हे कोणी पाहिलं तर काय होईल याचं ज्ञान आहे. दक्षिणेतल्या त्या काळ्या वृद्धेची सारी भीती आणि सारी माया त्या एका ओढण्यात बाईंनी भरली आहे, आणि शब्दाने मात्र सुचवलेलीही नाही. तिसरी, गोष्ट संपल्यावर त्या अश्रू ढाळत नाहीत. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव घेतात, त्यांनी या पाट्या उतरवायला लावल्या असं सांगतात, आणि सरळ गाण्याच्या ओळीवर येतात. आपल्याकडचा कसलेला कीर्तनकार आख्यान ऐन भरात आलेलं असताना एकाएकी अभंगाच्या चरणावर येतो आणि टाळकऱ्यांनी तो उचलताच सगळा मंडप हलतो, तसं काहीसं इथे होतं. कथा आणि गाणं यांच्यामधला उंबरा कुठे ओलांडला गेला ते समजत नाही. समजतं ते इतकंच की मघाची ओळ आता निराळी झाली आहे. मिसिसिपी हे भूगोलातलं नाव होतं, आता त्याला नळ आहे, खडी आहे, आजीचा हात आहे.

डॉ. किंग आणि हे कुटुंब यांचा ऋणानुबंध जुना. मॉन्टगोमेरीला पॉप्स मुलांना घेऊन त्यांचं प्रवचन ऐकायला गेले आणि मुक्कामी परतल्यावर मुलांना जवळ बोलावून म्हणाले की हा माणूस हे प्रवचनात सांगू शकतो, तर आपण ते गाण्यात सांगू शकतो. त्या दिवसापासून स्टेपल सिंगर्सच्या भक्तिगीतांत रस्ता आला, तुरुंग आला, शाळा आली. (मणिभवन पाहिलेल्या मुंबईकरांना एक गोष्ट ठाऊक असेल: १९५९ साली किंग भारतात आले, तेव्हा गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या त्या घरात त्यांनी हट्टाने मुक्काम केला होता. ज्या विचारावर पॉप्स यांनी सूर चढवला त्याची एक वाट गावदेवीतून गेली आहे.) ‘व्हाय ॲम आय ट्रीटेड सो बॅड’ हे पॉप्सचं गाणं १९५७च्या लिट्ल रॉकमधलं, गोऱ्यांच्या शाळेत शिकायला निघालेल्या नऊ मुलांना दारातच अडवलं गेलं, ते पाहून सुचलेलं. किंग यांना ते इतकं आवडे की सभेआधी ते पॉप्सना विचारत, आज माझं गाणं म्हणणार ना? हाइडआउटमध्ये मेव्हिसबाई ते गातात तेव्हा सूर तक्रारीचा लावत नाहीत. आश्चर्याचा लावतात. माझं काय चुकलं, असं निरागसपणे विचारणाऱ्या मुलाचा सूर, अडुसष्ट वर्षांच्या भरड आवाजात. ही विसंगतीच त्या गाण्याचं सौंदर्य आहे.

आणि ‘फ्रीडम हायवे’! १९६५च्या मार्चमध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा निघाला, त्यासाठी पॉप्सनी हे गाणं रचलं आणि ९ एप्रिल रोजी शिकागोच्या न्यू नॅझरेथ चर्चमध्ये कुटुंबाने ते गायलं. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि पंचविशीतल्या मेव्हिसचा आवाज तिथे अक्षरशः छप्पर उचलतो. त्या गाण्यात टॅलाहाची या नदीचं नाव येतं. एमेट टिल या गोऱ्यांनी ठार मारलेल्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा छिन्नविच्छिन्न देह १९५५च्या ऑगस्टमध्ये याच नदीत सापडला होता. टिल शिकागोचा. सुटीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेलेला. मेव्हिसपेक्षा दोन वर्षांनी धाकटा. त्याच शहराचं, तशाच सुट्या मिसिसिपीत काढणारं मूल. १९६५च्या गाण्यात नदीचं नाव घोषणेसारखं येतं. २००८ साली त्याच शहरात ते पुन्हा येतं तेव्हा लय तशीच दमदार असते, टाळ्या तशाच, पण नावाभोवती आता आयुष्यभराची सावली पडलेली असते. ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली ती तारीखही मुद्दाम निवडलेली: ४ नोव्हेंबर २००८, अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. त्या रात्री शिकागोच्याच ग्रँट पार्कमध्ये बराक ओबामा विजयाचं भाषण करत होते. मात्र जूनमध्ये, ते गाणं गायलं जात असताना, यातलं काहीही घडलेलं नव्हतं. गाण्यात जी आशा आहे ती निकाल माहीत नसलेल्या माणसांची आहे, आणि म्हणून ती मला अधिक खरी वाटते.

सगळीच गाणी सारख्या उंचीची आहेत असं मी म्हणणार नाही. आरंभीचं ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ अजून खोलीचा अंदाज घेत असल्यासारखं वाटतं. ‘धिस लिट्ल लाइट’ आणि ‘वुई शॅल नॉट बी मूव्ह्ड’ ही एकत्र गायची, टाळ्यांची गाणी, ती तिथे असणाऱ्यांची अधिक आणि नंतर ऐकणाऱ्यांची कमी. ‘वेड इन द वॉटर’ या जुन्या गुलामगिरीच्या काळातल्या गीतात हॉजेस यांचे ढोल ऐकण्याजोगे. पण मग ‘वेटिंग फॉर माय चाइल्ड’ येतं आणि आपण सावरून बसतो.

हे ‘द कन्सोलर्स’ या गॉस्पेल जोडीचं गाणं. दूर गेलेल्या, खबर न आलेल्या लेकराची वाट पाहणारी आई, एवढाच आशय. साथीदारांचा वावर अगदी कमी, लय इतकी संथ की दोन आघातांमध्ये माणसाने उसासा टाकून घ्यावा. अशा गाण्यात मोठ्या गायिकेला मोह अनावर होतो: दुःखाला तानेने सजवायचं, स्वर लांबवून लांबवून टाळी घ्यायची. मेव्हिसबाई काय करतात? त्या स्वर लांबवत नाहीत, थांबा लांबवतात. ओळीचा पूर्वार्ध म्हणून झाल्यावर त्या थांबतात, आणि ते थांबणं पुढच्या आघातापेक्षा थोडं जास्त टिकतं. आपल्याला वाटतं, आता येईल, आता येईल, आणि त्या तेवढ्यात आपणही कोणाचीतरी वाट पाहू लागलेलो असतो. गाण्याचा विषय गाण्याच्या लयीतच उतरला आहे. मग उत्तरार्ध येतो तो पुष्कळदा अर्धवट, शेवटचा शब्द हुंकारात बुडालेला. शब्द पुरा करायची गरज त्यांना वाटत नाही, कारण वाट पाहणाऱ्या आईला वाक्यं पुरी करायला सुचत नाही. हे मी गाण्यात वाचतो आहे की गाण्यात खरोखर आहे, असं कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की चार वेळा ऐका. पहिल्यांदा आवाज ऐका, मग फक्त विराम ऐका.

या गाण्यानंतर एखादीने श्रोत्यांना तिथेच उदास सोडलं असतं. मेव्हिसबाई हसतात. त्यांच्या हसण्याबद्दल स्वतंत्र लिहावं इतकं ते ऐकण्यासारखं आहे: खोल, सैल, गाण्याच्या पट्टीतच असलेलं. दोन गाण्यांच्या मध्ये त्या शेजारणीशी ओट्यावर बसून बोलाव्यात तशा लोकांशी बोलतात, वडिलांची आठवण काढतात, आणि ते बोलणं सरता सरता गाण्यात शिरतं. ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ असंच येतं. पॉप्सनी मुलांना गोल बसवून शिकवलेलं हे पहिलं गाणं. आईच्या अंत्ययात्रेचं गाणं आहे ते, आणि आपल्या माणसांचं वर्तुळ पलीकडे तरी अभंग राहील का, असं विचारणारं. १९४८ साली जमिनीवरच्या त्या वर्तुळात जे होते त्यांपैकी वडील आता नाहीत. थोरली क्लिओथा आणि पर्व्हिस तेव्हा हयात होते, पण या मंचावर नाहीत. आहे ती इव्हॉन, बहिणीच्या मागे उभी, कसलाही दिमाख न दाखवता आपला सूर लावून. पॉप्स गेल्यावर मेव्हिसबाई घरी खचून बसल्या होत्या, तेव्हा याच बहिणीने त्यांना ऊठ आणि गा म्हणून बजावलं होतं.

त्या गाण्याची स्वररचना आपण कान देऊन ऐकावी. चौघांच्या गळ्यांसाठी बांधलेली ती संगती. एकेकाळी त्यातल्या प्रत्येक सुराला एक चेहरा होता, आणि मेव्हिसबाई गातात तेव्हा त्या आपला सूर तेवढाच गातात; वडिलांचा गात नाहीत, क्लिओथाचा गात नाहीत. डॉनी जेरार्ड आणि शव्हॉन मॉरिस त्या जागी उभे आहेत, उत्तम गातात, तरी ते त्या चेहऱ्यांची जागा घेण्याचा आव आणत नाहीत. म्हणून ती संगती एकाच वेळी भरलेली आणि विरळ ऐकू येते. एखाद्या तरुण गायिकेने या गाण्यात पोकळी राहू नये म्हणून सगळा अवकाश स्वतःच्या आवाजाने भरून टाकला असता. इथे पोकळी राखलेली आहे, आणि ती राखण्यासाठी जो आत्मविश्वास लागतो तो मला या संध्याकाळचा सर्वांत मोठा पराक्रम वाटतो.

शेवट अर्थात ‘आय विल टेक यू देअर’ने. १९७२ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे गाणं इतकं साधं आहे की त्याचं विश्लेषण करायला बसणाऱ्याची फजिती होते. स्वरसमूह दोनच, आणि ते आलटून-पालटून शेवटपर्यंत. शब्द जेमतेम एका कडव्याचे: जिथे कोणी रडत नाही, कोणाला कसली चिंता नाही, अशा एका ठिकाणाची बातमी. स्टॅक्स कंपनीचे अल बेल यांना ते सुचलं तेव्हा ते आपल्या भावाच्या अंत्यविधीहून आले होते. जमैकातल्या ‘द लिक्विडेटर’ या वाद्यधुनेचा ठेका आणि अलाबामातल्या मसल शोल्सचे वादक यांनी त्या शोकगीताला नाचायला लावलं. मूळ ध्वनिमुद्रणात कडवं संपल्यावर पुढचा अर्धा वेळ मेव्हिस गात नाहीतच, हाका मारतात. बासला हाक मारतात, तो वाजवतो. मग गिटारची पाळी येते, तेव्हा त्या वडिलांना हाक मारतात. आणि त्या हाकेला जी गिटार ओ देते ती वडिलांची नाही, एडी हिंटन या स्टुडिओतल्या वादकाची आहे. श्रोत्यांना पॉप्सच वाजवताहेत असं वाटत आलं. ही लबाडी नव्हे; गाण्यात तिथे वडिलांची जागा होती आणि मुलीने ती नाव घेऊन राखली, वाजवलं कोणी का असेना.

हाइडआउटमधलं गाणं मूळच्यापेक्षा खडबडीत आहे. जमैकन ठेक्याची ती मऊ झुलती चाल टर्म्स आणि हॉजेस यांच्या हातात जरा जड पावलांची झाली आहे, आणि ज्यांना १९७२ची सफाई हवी त्यांनी १९७२चंच ऐकावं. पण पालुपद आलं की बाई ते खोलीकडे सोपवतात. स्वतः मधल्या फटींत काहीबाही म्हणतात, एखादा शब्द, एखादी किंकाळी, तो हुंकार; मुख्य ओळ लोकांची. शे-दीडशे गळे ती उचलतात, त्यांतले काही सुराला धरून आहेत, काही अर्थातच नाहीत, आणि एक कोणीतरी प्रत्येक वेळी ठेक्याच्या किंचित आधीच सुरू करतोय की काय असा मला संशय आहे. शिकागोचाच गायक जेफ ट्वीडी याने बाईंना या खोलीत ऐकलं आणि पुढे त्यांच्या ‘यू आर नॉट अलोन’ या संग्रहाचं दिग्दर्शन केलं. २०११ साली त्या संग्रहाने त्यांना आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. ते सगळं पुढचं. तूर्तास बाई खोलीला आणखी एकदा म्हणायला लावताहेत, मग आणखी एकदा, आणि तो घाई करणारा इसम पुन्हा आधीच सुरू झाला आहे.